चूल योजनेत, पलंग बाहेर

सुंग बेट, सायगॉन
९ मार्च २०१८

दादा,

पाकीट उघडलंस, एवढं पुष्कळ झालं. तू फोनचा नंबर बदललास म्हणून पोस्टाला कामाला लावलं. खिडकीतली बाई म्हणाली, "हातानं पत्ता लिहिलेलं पत्र? कोर्टाचं आहे का?" मी म्हटलं, भावाला आहे, म्हणजे तसंच काहीसं.

बाबांच्या श्राद्धाला तू भरल्या ताटावरून उठून गेलास. सहावी मावशी अख्ख्या गल्लीला सांगत सुटली आहे की माशाचं कालवण खारट झालं होतं म्हणून. मी तिला सांगू देते. माझ्या हाताला नावं ठेवली तरी चालतील, पण बहीणभाऊ जमिनीवरून भांडले असं नको.

तेव्हा जे मी धड बोलू शकले नाही ते आता लिहिते. शेजारचे चौथे काका आपली जमीन घ्यायला तयार आहेत. तेच, ज्यांची मासे धरायची तळी आहेत आणि रविवारी शहरातले लोक गळ घेऊन ज्यांच्याकडे पैसे देऊन उन्हात बसतात. त्यांना आणखी एक तळं खणायचं आहे. ते देतात त्यात लाँग आनच्या बाजूला, उंचावर, दोन कोरड्या खोल्या येतील. आईचे पाय पाण्याने सडलेत. चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याच्या उधाणाआधी तिला इथून हलवायचं आहे.

जमिनीच्या मालकीचं लाल पुस्तक अजून बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे तिघांच्या सह्या हव्यात. माझी झाली. आईची झाली, तिने नेहमीप्रमाणे न वाचता केली. तुझी तेवढी राहिली. कागद सोबत जोडला आहे.

तुझी धाकटी,
उत


२ मे २०१८

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे काय, तर पेपरचं कात्रण. सही नाही, "आई कशी आहे" नाही, साधं "उत" नाही. नुसतं कात्रण आणि त्यावर लाल पेन्सिलीची रेघ: "सायगॉनमध्ये जमिनीला सोन्याचा भाव; पूर्वेकडे वर्षभरात दुप्पट." रेघ इतकी जोरात ओढली आहेस की कागद फाटलाय.

म्हणजे मी आणि काका मिळून तुला टोपी घालतोय, असंच ना?

पेपर खोटं बोलत नाही, दादा. आपल्या घाटावर उभी राहिले की ते सोनं मलाही दिसतं. नदीपलीकडे इमारती इतक्या उंच झाल्यात की आता आपल्याकडे सकाळ उशिरा होते. तिथे एका खोलीच्या भावात आपलं अर्धं बेट येईल. पण नदी मध्ये आहे ना! आणि नदीच्या या बाजूला नकाशावर ती रेघ आहे. मी नववीत असताना आखली ती. इथे बाग होणार, मग हॉटेलं होणार, मग नवं शहर होणार. कंपन्या आल्या, फीत कापली, गेल्या. योजना रद्द होत नाही आणि सुरूही होत नाही. आपण तिला टांगती योजना म्हणतो ते तू विसरलास का? पेपरात ती 'विकासाच्या प्रतीक्षेत' असते.

सहाव्या मावशीच्या घराचं तर तुला ठाऊकच आहे. ती रेघ नेमकी तिच्या घरातून गेली. चूल योजनेत आणि पलंग बाहेर. मागच्या वर्षी तिने पलंगाची बाजू विकायला काढली, तर गिऱ्हाईक लागलं बरं का, आणि चांगलं लागलं! चुलीच्या बाजूला कुत्रं फिरकलं नाही. ती म्हणते, "झोपते तेव्हा मी शेठाणी, जेवायला उठले की भिकारीण." आणि पेपर तिच्या अख्ख्या घराला सायगॉन म्हणतो.

काका जमीन घेत नाहीत रे, पाणी घेतात. आपल्या जमिनीचा भाव माशांवर ठरतो, इमारतींवर नाही. सही कर.

उत


१७ जून २०१८

दादा,

एवढा अविश्वास! दलाल पाठवलास?

टोकदार बूट घालून आला बिचारा. पुलाजवळ गाडी लावली आणि चालत निघाला. नेमकी त्या दिवशी पौर्णिमा होती. गल्लीच्या मध्यापर्यंत येईतो बूट हातात आणि विजार गुडघ्यापर्यंत. मला म्हणाला, "ताई, सरांनी सांगितलं नदीकाठची जागा आहे."

मी म्हटलं, "काठ तुमच्या मागे राहिला. आता आपण नदीतच उभे आहोत."

आईने त्याला खाटेवर बसवलं, आपल्या शेजारी, पाय वर घेऊन. तिने खाट विटांवर चढवली आहे, तू बघितलीस त्याहून उंच. त्याने फोनवर नकाशा काढला आणि बराच वेळ बोटाने इकडेतिकडे सरकवत बसला. मग म्हणाला, "ताई, इथं तर सगळंच लाल आहे, योजनेत."

"असतंच. मी शाळेत होते तेव्हापासून आहे."

"मग गिऱ्हाईक कसं येणार?"

"हेच मी दादाला विचारते. तुम्ही विचारून बघा, तुमचं ऐकेल."

आईने त्याला विचारलं, "लग्न झालं का? नाही? एवढे छान बूट घालून?" पोरगा लाजला. जाताना चौथ्या काकांकडून दोन मासे घेऊन गेला, पैसे देऊन. तुझ्या दलालाने बेटावर केलेला हा एकमेव व्यवहार. त्याने तुला काय सांगितलं ते मला कळणार नाही, पण तुझं पुढचं पाकीट परवाच आलं, तेव्हा अंदाज आला. नवं कात्रण. "तज्ज्ञांचा सल्ला: घाईने विकू नका, थांबा."

हा तज्ज्ञ कुठे राहतो रे? कोरड्यात राहत असणार.

काल स्वयंपाकघरात आईने हाताने मासा धरला. खोटं नाही सांगत. पाण्याबरोबर आत आला आणि ओहोटीला चुलीमागे अडकला. आई खूश! म्हणाली, "बघ, बाजारात जायला नको." तिने तो गुळाच्या पाकात खारवून शिजवला आणि दोन वाट्या भात खाल्ला. मी जेवले नाही.

उत


११ ऑगस्ट २०१८

दादा,

आणखी दोन कात्रणं आली. मी ती दाराच्या फटीत कोंबते, पाणी थोडं थांबतं.

आज जरा स्पष्ट लिहिते, राग आला तर येऊ दे. मागच्या आठवड्यात मी न्हाणीची भिंत सिमेंटने लिंपली. ती माझ्या अंगावर येणार होती म्हणून. तिसऱ्या दिवशी वॉर्डातला माणूस हजर. आल्या आल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. जुन्याचा आवाज वेगळा, नव्याचा वेगळा, त्यांचा कान तयार झालाय. "मावशी," म्हणाला. मला मावशी म्हणाला, माझ्याहून चारच वर्षांनी लहान असेल! "मावशी, योजनेच्या जागेत डागडुजी चालते, बांधकाम चालत नाही." मी विचारलं, डागडुजी कुठे संपते? म्हणाला, "जिथं घर मजबूत व्हायला लागतं तिथं." आणि स्वतःच हसला. वाईट माणूस नाही तो. त्याचंही घर रेघेच्या आतच आहे.

न्याशी माझं लग्न ठरत होतं तेव्हाही हेच झालं होतं. तू तेव्हा जहाजावर होतास, तुला आईने एवढंच कळवलं की जमलं नाही. जमलं नाही म्हणजे काय, तर त्याला फक्त एक खोली हवी होती. मागच्या अंगणात, आम्हा दोघांपुरती. परवानगीसाठी अर्ज केला, त्यावर शिक्का बसला, "तात्पुरते, विना भरपाई पाडण्याच्या अटीवर." न्या म्हणाला, "मी तात्पुरता संसार करणार नाही." गेला बिएन होआला. त्याला आता दोन मुली आहेत. मी त्याला दोष देत नाही. पण टकटक ऐकली की तो शिक्का आठवतो.

आणि आता तुझी गोष्ट. पेपर मीही वाचते म्हटलं. परवाच्या अंकात पहिल्या पानावर तुझं हॉन लिएन आहे! "सोन्याचं बेट. विशेष क्षेत्र होणार. उत्तरेतल्या या किनाऱ्यावर दोन वर्षांत भाव दसपट." तिथेच घेतलास ना तू प्लॉट? बिच वहिनीने श्राद्धाला फोटो दाखवला होता, मागे समुद्र, पुढे पाटी. मग तो विक की! दसपट झालाय. स्वतःचं सोनं पेटीत ठेवायचं आणि आम्हाला चिखलात थांबा म्हणायचं, हा कुठला न्याय? सोबत कात्रण जोडते. लाल पेन्सिल माझ्याकडेही आहे.

उत


२३ सप्टेंबर २०१८

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र! मी पाकीट उलटं करून झटकलं, कात्रण पडेल म्हणून. मग अक्षर दिसलं.

तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "उत, पेपर वाचून मला शिकवू नकोस. हॉन लिएनला रस्ता नाही. पेपरात येतो तो भाग फेरीच्या धक्क्याजवळचा, अर्धा किलोमीटर. माझा प्लॉट टेकडीपलीकडे आहे, तिथं नुसती पाटी आहे. उन्हाळ्यात सरकारने व्यवहार थांबवले, त्या दिवसापासून दलालांच्या टपऱ्यांना कुलपं. दसपट भाव आहे, पण तो देणारा माणूस दाखव."

वाचताना आधी हसू आलं. म्हटलं, हे तर माझंच पत्र आहे! नदीच्या जागी टेकडी आणि बाकी तेच. गेले सहा महिने तुला सांगत होते की पेपरला आपली गल्ली माहीत नाही, आणि त्याच पेपरात तुझं बेट दिसलं तर पहिल्या ओळीवरच विश्वास ठेवला. माझ्या लाल रेघेची मला लाज वाटते.

मग पुढचं वाचलं आणि हसू गेलं. हायफाँगचं घर तू मागच्या वर्षीच विकलंस. त्या प्लॉटसाठी. बिच वहिनी माहेरी गेली आणि तू अर्धवट बांधलेल्या हॉटेलात राखणदार म्हणून राहतोस, पत्र्याच्या खोलीत. आणि शेवटी, सगळ्यात बारीक अक्षरात: "आपलं घर विकलं तर मला परत यायला जागा नाही. भावाचं मला काय करायचंय. सही केली की सगळंच संपलं, म्हणून करत नव्हतो."

अरे मूर्खा! हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? भरल्या ताटावरून उठलास ते यासाठी? मी तुला लोभी समजत होते. सहाव्या मावशीपाशी तुला काय काय बोलले ते तुला कळलं तर पुन्हा नंबर बदलशील. आणि तू मला चोर समजलास. समजलास ना? दलाल पाठवला होतास.

पण दादा, वाईट वाटलं म्हणून खोटं लिहिणार नाही. मला अजून सही हवी आहे. तुला ज्या घरात यायचं आहे त्याच घरातून मला बाहेर पडायचं आहे. तुझ्यासाठी ते परतीचं दार असेल. मला ते आतून बंद झाल्यासारखं वाटतं. आता यातून कसं निघायचं ते तूच सांग, मोठा आहेस.

उत


१४ ऑक्टोबर २०१८

दादा,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळं नाही, पत्र्याची खोली गाळणार होते, पण ती ओळ मी घाईने ओलांडली आणि तिला कळलं. तिच्यापासून काहीही लपवता येत नाही, तुला आठवत असेल.

ती खाटेवर पाय वर घेऊन सुपारी कातरत होती. खाली पाणी घोट्याएवढं. म्हणाली, "थुआनला ये म्हणावं. त्याची बाबांच्या फोटोशेजारची झोपायची जागा आहे की."

मी म्हटलं, "आई, तो आला तरी घर हेच. तुझे पाय बघ. मी तुझ्यासाठीच विकायला निघालेय."

तिने अडकित्ता खाली ठेवला. "माझ्यासाठी? मला कुणी विचारलं? मला कुठं जायचंय? माझा नवरा इथं, माझी चूल इथं, मासा घरात येतो. लाँग आनला मला ओळखतं कोण?"

"मग सही का केलीस?"

"तू मागितलीस म्हणून. तू काही मागतेस कुठं कधी?" मग थोडा वेळ कातरली आणि म्हणाली, "जायचंय ते तुला. मग जा ना बाई. माझ्या पायांच्या नावावर कशाला जातेस?"

दादा, मी परसात जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहून रडता येतं, पाणी वरून येतंय की खालून ते कुणाला कळत नाही. ती खरं बोलली. आईचे पाय सडलेत हेही खरं आहे. पण वर्षानुवर्षं सकाळी उठून त्या इमारतींकडे बघते तेव्हा माझ्या मनात आईचे पाय नसतात. हे मी तुलाच पहिल्यांदा लिहिते आहे.

दुसरी बातमी. चौथ्या काकांनी पाचव्या आत्याची जमीन घेतली, परवाच खणायला लागले. "किती थांबू पोरी, मासे थांबत नाहीत," म्हणाले. म्हणजे आता तू सही केलीस तरी ती कुठे चिकटवायची हा प्रश्नच आहे. आपल्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणार नाही. तू, मी, दलाल, सगळ्यांना माहीत आहे.

तर आता मी सही मागत नाही. तू ये. खरंच ये. पत्र्याच्या खोलीतल्या समुद्राच्या वाऱ्यापेक्षा इथली ओल बरी, निदान कुणी जेवायला हाक मारेल. दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेआधी ये, कारण तेव्हा आईची खाट उचलायला दोघं लागतात. कधी येतोस ते कळव.

उत


२२ नोव्हेंबर २०१८, सकाळ

दादा,

हे पत्र टेबलावर कपाखाली ठेवते आहे. तुझी गाडी दुपारी स्टेशनात येईल, म्हणजे संध्याकाळपर्यंत तू पोचशील. सहाव्या मावशीचा मुलगा पुलाजवळ होडी घेऊन थांबेल, कारण संध्याकाळी गल्ली गल्ली राहत नाही.

आईची खाट कालच मावशीला घेऊन वर चढवली. रात्रीतून पाणी चढलं तर बाबांचा फोटो आधी उचल, तांदूळ नंतर. आई उलट सांगेल, ऐकू नकोस. पाणी पहिल्यांदा न्हाणीच्या कोपऱ्यातून येतं, दारातून नाही. दार बंद करून उपयोग नसतो. तिच्या पायांना निलगिरीचं तेल सकाळी आणि झोपताना, बोटांच्या मध्येसुद्धा. ती म्हणेल झालं लावून. झालेलं नसतं. वॉर्डातला माणूस आला तर त्याला चहा दे, तू सिमेंटला हात लावला नसलास तर तो नुसता गप्पा मारून जातो. सहाव्या मावशीला खारट कालवणाचं काही विचारू नकोस, तिने ते तुझी बाजू राखण्यासाठी सुरू केलं होतं आणि आता तिचाच त्यावर विश्वास बसलाय.

मी बिएन होआला जाते आहे. न्यासाठी नाही, वेड्यासारखं काही मनात आणू नकोस. माझी शाळेतली मैत्रीण ल्यू तिथे गणवेश शिवते, तिला हात हवा आहे आणि दुकानावर एक खोली आहे. पहिल्या मजल्यावर. मी काल तिला फोनवर विचारलं, भिंतीला खिळा मारला तर चालेल का. ती म्हणाली, "हवं तर भिंत पाड." 

आईला सांगून जाते आहे. ती दारापर्यंत आली नाही, पाणी आहे. खाटेवरूनच म्हणाली, "थुआन येईपर्यंत तरी थांब. किती वर्षांनी दोघं एका ताटाला धड बसला असतात."

तू विचारशील, का थांबले नाही. फक्त काही तासांचा तर प्रश्न होता. दादा, तू एक पिशवी घेऊन दारात उभा राहशील, केस पांढरे झालेले, आणि तुला पत्र्याच्या खोलीची सवय झालेली असेल म्हणून आत यायच्या आधी कुणाला तरी विचारावंसं वाटेल, येऊ का. मी ते पाहिलं असतं तर तुला भात वाढला असता. मग उधाण ओसरेपर्यंत राहिले असते. मग टेतपर्यंत, नव्या वर्षाच्या सणापर्यंत. मग कोण निघतंय.

पेज चुलीवर आहे. आधी तू जेव, आईने खाल्लं आहे.

उत